रीमॅप केलेल्या इंजिनाची टकटक: पेट्रोल बदलायचं की ऑइल चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलायचा?
इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून घेतली (म्हणजेच रीमॅप) आणि आता चोर्ला घाटात चढाला पाय दाबला की खणखण आणि पाय काढला की गप्प? मग आधी स्वस्तातलं करा: टाकी रिकामी होत आली की ९५ ऑक्टेनचं (आपोआप लवकर न पेटणारं, महाग) पेट्रोल भरा, मूळ मॅप (आधीची सेटिंग) परत टाका. आवाज गेला तर ते डिटोनेशन, म्हणजे इंधन सिलिंडरात आपोआप, स्फोटासारखं पेटणं. रीमॅपमधलं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन-तीन अंश मागं घ्या.

गरम इंजिनावर, न्यूट्रलमध्येही जड ठोका येत असेल तर महाग पेट्रोल वाया. एकेका सिलिंडरची (ठिणगी देणारी) कॉईल काढून ऐका. इंजेक्टरचं सॉकेटही काढा, नाहीतर कच्चं पेट्रोल जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग) जळतो. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, त्याच्या रॉड बेअरिंगवर (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) संशय. जाड ऑइल घालून आवाज दबतो, बेअरिंग सुधारत नाही. ऑइलमध्ये तांबूस चकाकी (झिजलेल्या बेअरिंगचा चुरा) दिसली तर खानापूरहून बेळगावला गाडी चालवत नेऊ नका, टो करा.