स्क्रीनशॉटच्या सॉफ्टवेअरने माझ्या ग्राहकांची कागदपत्रं बाहेर गेली

नागपूरच्या महाल भागात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. जून-जुलैत शिष्यवृत्ती आणि दाखल्यांसाठी पाय ठेवायला जागा नसते. अर्ज भरला की त्याचा स्क्रीनशॉट ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, हा माझा शिरस्ता. लांब अर्ज मात्र एका फोटोत मावत नाही, आणि चार तुकडे पाठवले की लोक गोंधळतात.

म्हणून अख्खं पान टिपणारं सॉफ्टवेअर शोधायला बसलो. एका नावाजलेल्या फुकट सॉफ्टवेअरचं नाव गूगलवर टाकलं आणि सगळ्यात वरची लिंक दाबली. तिच्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं. चिन्ह तेच, रंग तेच, फक्त पत्त्यात एक अक्षर जास्त. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं, मी केला. तिथेच थांबायला हवं होतं.

मग प्रत्येक फोटोवर शिक्का उमटू लागला. तो काढायचा तर १ रुपया भरा म्हणे. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. प्रत्यक्षात ती ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी होती. महिन्याभराने १,४९९ रुपये कटले. आदल्या दिवशी तसा मेसेज आला होता, जाहिरात समजून मी पुसून टाकला होता.

तेवढे पैसे मी सहन केले असते हो. पण सेटिंग उघडलं तर ‘आपोआप अपलोड’ चालू! काढलेला प्रत्येक फोटो त्यांच्या साइटवर जात होता. त्यातली एक लिंक मोबाइलवर उघडून पाहिली. पासवर्ड नाही, काही नाही. समोर नंदनवनच्या एका मुलीचा आधार क्रमांक, बँक खातं, वडिलांचं उत्पन्न. घशाला कोरड पडली. विश्वासाने कागद हातात देतात हो लोक.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केला, कॉम्प्युटर फॉरमॅट केला. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

आणि मला हवं होतं ते कॉम्प्युटरमध्येच होतं. विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की हवा तेवढा भाग टिपता येतो. अख्खं पान हवं तर फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि पूर्ण पान निवडायचं. एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस. याहून जास्त लागलं तर शेअरएक्स हे स्क्रीनशॉटचं सॉफ्टवेअर खरोखर फुकट आहे, पण ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्या आणि अपलोडची खूण काढलेली आहे ना, ते आधी तपासा. पडद्यावरचं सगळं पाहू शकणारं सॉफ्टवेअर आहे हे, जाहिरातीवरून उचलू नका.

त्या महिन्यातल्या ग्राहकांची यादी काढून एकेकाला फोन करतोय. झालं ते सांगतो, बँकेत कळवायला लावतो, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून देतो. दोघांचे फोन अजून लागलेले नाहीत.