पिंजऱ्याचं कव्हर आणि नाईट लाईट, चार महिने वापरल्यावर

आमची पिकू कॉकाटील (छोट्या पोपटाची एक जात) आहे, दीड वर्षाची, आणि आधीपासूनच जरा घाबरट. रात्री मध्येच दचकून उठायची, म्हणजे नुसती उठायची नाही, अंधारात पिंजऱ्यात फडफडत चारी बाजूंना आपटायची. कॉकाटीलमध्ये हे बरंच दिसतं, नाईट फ्राईट म्हणतात. एकदा धावत जाऊन दिवा लावला तर पंखाचं नवीन येणारं पीस तुटलेलं आणि ट्रेमधल्या कागदावर रक्ताचे थेंब. त्या कोवळ्या पिसात रक्त खेळतं असतं, त्यामुळे तुटलं की पटकन थांबत नाही. कापूस दाबून धरून बसले होते मी आणि तिची छाती हातात एवढी धडधडत होती की मलाच रडू आलं. सकाळी डॉक्टरांकडे नेली आणि त्याच दिवशी हे कव्हर मागवलं.

कापड गडद रंगाचं, सुती, जाड आहे पण हवा जाते, हे मी तोंडावर धरून श्वास घेऊन बघितलं होतं. पुढची बाजू गुंडाळून वर करता येते आणि खरं तर ह्याच एका गोष्टीमुळे पैसे वसूल झाले. कारण पहिल्या दोन रात्री मी चारी बाजूंनी गच्च झाकलं आणि दोन्ही रात्री ती आधीपेक्षा जास्त आपटली. मग लक्षात आलं की मिट्ट अंधारात ह्यांना फारसं दिसतच नाही, कुठे खुट्ट झालं की उडून पळायचं एवढंच त्यांना कळतं, आणि पिंजऱ्यात उडायला जागा कुठे आहे? आता तीन बाजू झाकते, पुढची अर्धी उघडी, आणि खोलीच्या कोपऱ्यात अगदी मंद पिवळा नाईट लाईट. जाग आली तरी तिला दांडी दिसते, मग गप बसून राहते. गाड्यांच्या लाईटच्या सावल्या भिंतीवर पळायच्या त्या कव्हरमुळे तिला दिसत नाहीत. चार महिन्यांत फक्त दोनदा घाबरली, त्यातलं एकदा तर वाऱ्याने दार आपटलं म्हणून.

आता तक्रारी. वेल्क्रो! रात्री जरा हलवायला गेलं तरी चर्रर्र आवाज, ज्या पक्ष्याला आवाजाची भीती त्याच्या कव्हरला वेल्क्रो लावायचं कुणाला सुचलं असेल. मी ते उसवून टाकलं, कपड्यांचे चिमटे लावते. नवीन कापडाला केमिकलचा वास होता, पक्ष्यांची फुफ्फुसं फार नाजूक असतात म्हणून बिनवासाच्या साबणाने दोनदा धुवून उन्हात वाळवलं, मगच वापरलं. आतल्या शिवणीला दोरे सुटलेले होते तेही कापले, नखात किंवा बोटाला गुंडाळले तर पाय जायची वेळ येते. सोबत लोकरीसारखा मऊ तंबू आला होता, पक्ष्याने आत झोपायला, तो मी दिलाच नाही आणि तुम्हीही देऊ नका, धागे चावून गिळतात आणि ते पोटात अडकतात.

नुसतं कव्हर आणून भागणार नाही, झोप दहा ते बारा तास लागते आणि रोज वेळ तीच हवी. आता झाकलं की पाच मिनिटांत चोच घासल्याचा करकर आवाज येतो, पिसं फुगवून एक पाय वर. हा आवाज म्हणजे ती निवांत आहे, मी रोज तो ऐकूनच खोलीतून निघते.

चार स्टार देते, एक वेल्क्रोचा कापला. आणि कधी रात्री आपटायला लागलीच तर कव्हर खसकन ओढू नका, पिंजऱ्यात हात तर अजिबात घालू नका. आधी लांबूनच नेहमीच्या आवाजात नाव घ्या, मग दिवा लावा, शांत झाली की पंखाखाली रक्त दिसतंय का ते बघा.