टँक की विच?

बडोद्याच्या दांडिया बाजारात मामेभावाच्या माडीवर शनिवारी रात्री आम्ही चौघं ‘लेफ्ट ४ डेड २’ हा झोंबी मारायचा गेम लावतो. गेम २००९ चा, वाद मात्र अजून ताजा: त्यातल्या दोन खास झोंबींपैकी जड कोण, धिप्पाड टँक की डिवचल्याशिवाय अंगावर न येणारी, रडत बसलेली विच?

टँकचं काम सरळ. संगीत बदललं, म्हणजे तो आला, की पांगायचं, रस्त्यावरच्या गाड्यांपासून लांब राहायचं (त्याने भिरकावलेली गाडी लागली की माणूस आडवाच) आणि एक मोलोटोव्ह (पेटती बाटली) नेमका टाकायचा. ‘नॉर्मल’ या काठिण्यपातळीवर त्याची हेल्थ ४०००, पण एकदा पेटला की आग आपलं काम करत राहते. आपण फक्त पळायचं. धडधाकट खेळाडू त्याच्यापेक्षा जरासा वेगाने धावतो, लंगडणारा सापडतो. म्हणून वेदनाशामक गोळ्या आधीच वाटून ठेवाव्यात. आमच्यात हे कुणी ऐकत नाही.

विचची हेल्थ १०००च, धाकधूक दसपट. रडणं ऐकू आलं की टॉर्च बंद, वाट वाकडी करून निघायचं. दादा तर खोलीतही कुजबुजायला लागतो, जणू तिला ऐकू जाणार! वाटेतच बसली असेल तर एकानेच शॉटगन घेऊन अगदी जवळ जायचं आणि डोक्यात बार. नेम चुकला तर नॉर्मलवर एका फटक्यात आडवा, एक्स्पर्टवर सरळ मेलाच. मोलोटोव्ह तर नकोच; जळत जळत टाकणाऱ्याच्याच अंगावर येते.

मला विचारा तर टँक केव्हाही परवडला. गेल्या शनिवारी शेवउसळीच्या तेलकट बोटाने माझ्याकडून माऊस दाबला गेला, विच चार पावलांवर होती. तिघं अजून बोलत नाहीत.