हँडिकॅपचं ॲप: तीन स्टार, तेही मोठ्या मनाने

रिटायर झाल्यावर गोल्फ धरला, म्हणून हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा, काढणारं हे ॲप घेतलं. चार पारच्या (म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा अशा) एका होलला मी अकरा फटके हाणले होते. इंडेक्स (अधिकृत हँडिकॅप) नसलेल्या नवख्याला एका होलला पार अधिक पाचच धरतात, त्यामुळे फेरीच्या एकूण १०० फटक्यांचे ९८ झाले. हे ॲपने आपणहून केलं, खूश झालो. ९८ वजा कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागावेत इतके फटके) ७१.२, गुणिले प्रमाण स्लोप ११३, भागिले त्या कोर्सचा स्लोप (साध्या खेळाडूला तो किती जड, त्याचा आकडा) १२४: डिफरन्शियल, म्हणजे त्या फेरीचा हिशोबी आकडा, २४.४. चोख!

पण फेऱ्यांची कार्डं माझ्यासारखी तीनच असली की सर्वांत कमी डिफरन्शियलमधून आणखी २ वजा होऊन इंडेक्स निघतो. माझं सर्वांत कमी हेच, म्हणजे २२.४. ॲप मात्र २४.४ वरच अडून बसलं. ही म्हणाली, "अहो, दुधाचा हिशोब कॅलेंडरवर करता ना, तसाच करा."

मित्राची वीस कार्डं आहेत. त्यातल्या उत्तम आठांची सरासरी बरोबर निघते.