श्रीलंकेतली जीप सफारी: सगळे पैसे याला उद्यानावरच लावू नका

श्रीलंकेत वाघ नाही आणि सिंहही नाही. जंगलात सगळ्यांच्या वरचा प्राणी म्हणजे बिबट्या, आणि तो त्याच रुबाबात वावरतो. ताडोबात वाघाच्या धाकाने बिबट्या अंग चोरून असतो, बोरिवलीच्या जंगलात तो रात्रीचा. याला आणि विल्पत्तू या राष्ट्रीय उद्यानांत मात्र तो सकाळी नऊ वाजता उघड्या खडकावर पाय पसरून पडलेला दिसू शकतो. बिबट्या नीट पाहायचा असेल तर मुंबईहून अडीच तासांच्या विमानप्रवासावरचं हे बेट उत्तम ठिकाण आहे, यात शंका नाही. वांधा होतो तो सफारी विकत घेताना.

पहिला फरक व्यवस्थेचा. ताडोबात दार, फेरी आणि गाड्यांची संख्या ठरलेली असते, आधी ऑनलाइन नंबर लावावा लागतो आणि सोबत गाइड सक्तीचा. श्रीलंकेत जीप खासगी माणसाची, तिकीट वन्यजीव खात्याचं, आणि या दोन्हींची सांगड जीपवाला किंवा हॉटेलवाला घालतो. म्हणून ‘सफारी अमुक इतक्या डॉलरला’ असं कोणी म्हटलं की लगेच विचारायचं: तिकीट धरून की सोडून? बहुतेक वेळा सोडून असतं. तिकिटाची रचनाही समजून घ्या. प्रवेश फी माणशी. त्यावर सेवा शुल्क आणि गाडीचं शुल्क, हे गाडीतल्या सगळ्यांत वाटलं जातं. वर १८ टक्के व्हॅट. दोघं गेलात तर वाटणीचा भार दोघांवरच पडतो. चौघं असाल तर माणशी खर्च बराच खाली येतो. सहा सीटच्या जीपमध्ये सहा जण मात्र बसू नका. मधल्या माणसाला दोन्ही बाजूंनी फक्त इतरांचे खांदे दिसतात. चार जण, प्रत्येकाला कडेची जागा, हा हिशोब सगळ्यात चांगला.

याला उद्यान पाच विभागांत आहे आणि नाव आहे ते विभाग एकचं. साधारण १४१ चौरस किलोमीटरच्या या तुकड्यात बिबट्यांची घनता जगातल्या सर्वाधिक घनतांमध्ये मोजली जाते. जीपची घनताही तशीच. बिबट्या दिसला की चालक एकमेकांना मोबाइलवर कळवतात, दहा मिनिटांत अरुंद मातीच्या रस्त्यावर पंचवीस-तीस गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात, मागच्याला पुढे घुसायचं असतं, डिझेलचा धूर, आणि बिबट्या उठून झुडपात. उद्यानात वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे. बातमी लागली की ती कोणी पाळत नाही. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा, म्हणजे तिथली पोया सुट्टी, या दिवशी याला टाळाच. जुलै-ऑगस्टमध्ये कतरगामची यात्रा असते, तेव्हाही परिसर गजबजलेला असतो.

यावरचा उपाय साधा आहे: अर्ध्या दिवसाची सफारी घेऊ नका. सकाळची फेरी सहा ते दहा-साडेदहा आणि दुपारची दोन ते सहा, या दोन्ही वेळी गर्दी असते. पूर्ण दिवस घेतलात तर मधले चार तास उद्यान जवळपास तुमचं. ऊन कडक असतं, पण कोरड्या महिन्यांत पाणवठ्यावर प्राणी याच वेळी येतात आणि चालकालाही घाई नसते. तिकीट तेच राहतं, फक्त जीपचं भाडं वाढतं, त्यामुळे ताशी हिशोबात पूर्ण दिवस स्वस्तच पडतो. जेवणाला पटनंगलच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरता येतं. २००४ च्या त्सुनामीत तिथे माणसं वाहून गेली, त्यांचं स्मारक आहे. एरवी उद्यानात गाडीतून खाली पाय ठेवायला बंदी. लहान मुलं आणि कंबरदुखीवाले असतील तर मात्र बारा तास खरंच जड जातात. त्यांनी उडवलवे गाठावं, त्याबद्दल पुढे.

मुक्काम बहुतेकांचा तिस्समहारामला. तिथून पालटुपाना हे मुख्य दार पाऊण तासावर. जीप पहाटे साडेचारच्या सुमाराला हॉटेलवर आली पाहिजे. साडेपाचला निघू म्हणणारा तुम्हाला रांगेच्या शेपटाला नेऊन उभा करणार. कटगमुवा दाराला गर्दी कमी असते, तिथून शिरू का असं आदल्या दिवशी विचारून ठेवा. वन्यजीव खात्याचा ट्रॅकर, म्हणजे प्राण्यांचा माग काढणारा माणूस, मिळाला तर घ्या, पण सगळ्या गाड्यांना पुरतील इतके ट्रॅकर नसतात. तेव्हा खरी भिस्त चालकावर. चितळाचा आणि वानराचा इशारा ऐकून गाडी थांबवणारा, इंजिन बंद करून वीस मिनिटं गप्प बसणारा चालक हवा. परीक्षा सोपी आहे: बुकिंगच्या वेळी ‘बिबट्या शंभर टक्के दाखवतो’ म्हणाला तर दुसरा शोधा.

एक फसगत ठरलेली असते. विभाग एक बहुतेक वर्षी साधारण १ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर दुष्काळामुळे बंद असतो. त्या काळातही ‘याला सफारी’ विकली जाते. नेतात विभाग पाचमध्ये किंवा शेजारच्या लुनुगमवेहेर उद्यानात. ती जंगलं वाईट नाहीत, शांतही आहेत, पण बिबट्या दिसण्याचं प्रमाण बरंच कमी. नेमक्या कोणत्या विभागात नेणार ते लिहून घ्या.

आता विल्पत्तू. बिबट्यासाठी एकच उद्यान निवडायचं तर आमचं मत यालाच्या नाही, विल्पत्तूच्या बाजूने. १,३१७ चौरस किलोमीटरचं, देशातलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. यादवी युद्धामुळे १९८८ ते २००३ बंद होतं, पुन्हा काही वर्षं बंद राहिलं आणि २०१० मध्ये उघडलं. इथे ‘विल्लू’ म्हणतात अशी उथळ नैसर्गिक तळी आहेत, भोवती गवताचं कडं आणि मागे दाट जंगल. बिबट्या तळ्याकाठी येतो, तांबूस मातीच्या रस्त्यावर चालत राहतो. जंगल दाट असल्यामुळे यालापेक्षा दिसण्याची खात्री कमी, पण दिसला तर सोबत दोन-तीनच गाड्या असतात आणि अर्धा तास निवांत पाहता येतो. अंतरं मोठी आहेत, दारापासून पहिल्या चांगल्या तळ्यापर्यंतच बराच वेळ जातो. म्हणून इथे अर्धा दिवस म्हणजे पैसे पाण्यात. हुनुविलगमच्या दाराजवळच राहा. अनुराधापुराहून रोज ये-जा करणं जमतं, पण पहाटेची झोप जाते आणि पहिला तासही.

याला आणि विल्पत्तू दोन्ही एका सहलीत कोंबू नका. एक आग्नेयेला, दुसरं वायव्येला. मधे अख्खा दिवस रस्त्यात जातो. पाच-सहा दिवस असतील तर एक बाजू धरा. दक्षिण धरली तर सिंहराजाचं जंगल, उडवलवे, याला, आणि हंबनतोटाहून द्रुतगती मार्गाने कोलंबो. उत्तर धरली तर विल्पत्तू, अनुराधापूर, सिगिरियाचा खडकावरचा किल्ला आणि मिन्नेरियाचे हत्ती. घरातल्या मोठ्यांना मंदिरं-स्तूप पाहायचे असतील तर उत्तरेकडे भांडण होत नाही.

उडवलवे हे पैसे वसूल करून देणारं उद्यान. धरणाच्या जलाशयाभोवतीचं गवताळ रान, ३०८ चौरस किलोमीटर, १९७२ मध्ये जाहीर झालेलं. हत्ती बारा महिने दिसतात, पिल्लांसकट, आणि अर्धा दिवस पुरतो. सुळेवाला नर दिसेलच असं धरू नका. श्रीलंकेच्या हत्तींत सुळे असलेले नर फार थोडे, आपल्या दक्षिण भारतातल्यासारखं नाही. जवळच वन्यजीव खात्याचं हत्ती संक्रमण केंद्र आहे, १९९५ पासूनचं. पोरक्या पिल्लांना दर तीन तासांनी दूध पाजतात. नऊ, बारा आणि तीनची वेळ गाठता येते. लांबून, कठड्यामागून पाहायचं, हात लावायचा नाही. मोठी झाल्यावर ही पिल्लं परत रानात सोडतात. पिन्नवलाच्या हत्ती अनाथालयातले हत्ती कायम माणसांतच राहतात. दोन्हींत एक निवडायचं असेल तर उडवलवे.

मिन्नेरियात शेकडो हत्ती हमखास दिसतात असं जाहिरातींत छापतात, ते अर्धंच खरं. राजा महासेनाने बांधलेला इथला तलाव कोरड्या महिन्यांत आटतो, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत येतं आणि जुलै ते सप्टेंबर शेकडो हत्ती तिथे जमतात. पण वरच्या मोरगहकंद धरणातून पाणी सोडलं की तलाव भरलेला राहतो, गवत बुडतं आणि हत्ती जवळच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या रानाकडे सरकतात. म्हणून उद्यानाचं नाव घेऊन आगाऊ पैसे भरू नका. जवळच्या हबरण गावी मुक्काम करा आणि त्या दिवशी दुपारी विचारा, हत्ती आज कुठे. तिथले जीपवाले हे सरळ सांगतात, कारण त्यांचं भाडं कुठेही गेलं तरी तेच असतं.

आपल्या सुट्ट्यांत हे कसं बसवायचं? मे महिना याला आणि विल्पत्तूसाठी फार चांगला. पाणी आटत आलेलं असतं, आणि मे ते जुलै पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी. ती खायला अस्वलं भरदिवसा झाडावर चढतात. अस्वल पाहायचं तर हाच काळ. मात्र तेव्हा दक्षिण किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मिरिस्साचे निळे देवमासे विसरा. ते नोव्हेंबर ते एप्रिलचे. दिवाळीत पाऊस सुरू झालेला असतो, रान हिरवं होतं, पाणी जागोजागी, प्राणी पांगलेले. त्या सुट्टीत उडवलवेवर भर द्या. नाताळात कोरड्या भागातही ओल असते आणि गर्दी तुफान. विल्पत्तू आणि कल्पिटियाचे डॉल्फिन ही जोडी तेव्हा बरी पडते. फेब्रुवारी-मार्चला रजा मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

सिंहराजा हे पायी फिरायचं सदाहरित जंगल, १९८८ पासून जागतिक वारसा. पक्षिप्रेमींनी इथे दोन सकाळी द्याव्यात, बाकीच्यांना एक पुरे. सह्याद्री आणि श्रीलंका जैवविविधतेच्या दृष्टीने एकाच पट्ट्यात धरतात, त्यामुळे आंबोलीला फिरलेल्यांना झाडोरा ओळखीचा वाटेल, पण निळा मॅगपाय आणि तिथला राखी धनेश इथेच दिसणार. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थव्याने फिरतात. दोन तास काहीच नाही आणि मग पाच मिनिटांत वीस जाती. गाइड सोबत लागतोच. जळवा आंबोलीपेक्षा कमी नाहीत. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळू-मोजे घरूनच घेऊन जा आणि पँट त्यांच्या आत खोचा.

सामानाबद्दल थोडं. ८ बाय ४२ ची दुर्बीण प्रत्येकी एक. दोघांत एक असली की बिबट्या पाहायच्या वेळी वाद होतो. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. ट्रायपॉड जीपमध्ये निरुपयोगी. कॅमेरा टेकवायला रिकामी बीनबॅग न्या आणि तिथे दोन किलो तांदूळ भरा. जीप उघडी असते, म्हणून धुळीसाठी मोठा रुमाल आणि पहाटेच्या वाऱ्यासाठी पातळ जाकीट. ड्रोनला उद्यानात बंदी. श्रीलंका २०१६ पासून हिवतापमुक्त जाहीर झालेला देश आहे, डेंग्यू मात्र आहे, तेव्हा दिवसाही डासांचं मलम लावा. व्हिसाचे नियम आणि शुल्क वारंवार बदलतात. सरकारी संकेतस्थळच पाहा, मिळतीजुळती नावं असलेली दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात.

आणि शाकाहाऱ्यांसाठी: सफारीचा डबा आदल्या रात्री सांगावा लागतो, तेव्हाच स्पष्ट बोला. खोबऱ्याच्या पोल सांबोलमध्ये, कधी कधी साध्या वाटणाऱ्या डाळीतही, सुक्या माशाचा चुरा घालतात. त्याला उंबलकड म्हणतात. ‘व्हेज’ एवढंच सांगितलं तर हा चुरा मांसाहारात धरला जात नाही; ‘उंबलकड नको’ असं नाव घेऊन सांगा. इंदिआप्पा (तांदळाच्या शेवया), परिप्पू (डाळ) आणि केळी एवढं बांधून घेतलं की दुपारपर्यंत निभतं.