ताजा, गोठवलेला की डबाबंद: कोणता ट्यूना घ्यावा?

ट्यूना घेताना आपण चव आणि किंमत आधी बघतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: ताटात येईपर्यंत हा मासा सलग थंड राहील का? बहुतेक मासे बिघडले की नाक लगेच सांगतं. ट्यूना मात्र वास न येताही बाधण्याजोगा झालेला असू शकतो.

त्याचं कारण हिस्टामिन. ट्यूनाच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा उबेत राहिला की काही जिवाणू त्या हिस्टिडीनपासून हिस्टामिन तयार करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून, तळून, गोठवून किंवा डब्यात बंद करून जात नाही. म्हणजे ‘नीट शिजवलं की झालं’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. बरं, ते माशात सगळीकडे सारखं पसरलेलंही नसतं. एकाच माशाची एक तुकडी बाधते आणि शेजारची बाधत नाही.

असा मासा पोटात गेला, तर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, अंगाला खाज येते, कधी उलटी किंवा जुलाब होतात. पुष्कळांना ती माशाची ॲलर्जीच वाटते. खाताना जिभेवर मिरी लागल्यासारखी चरचर झाली, तर घास तिथेच थांबवावा. श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरी वाट बघत बसू नये, डॉक्टर गाठावा.

ताजा आणि गोठवलेला

ताज्याची चव मोठी, पण मुदत सगळ्यात छोटी. फ्रिजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तर एक, फार तर दोन दिवस. बर्फात ठेवला तर आणखी चांगलं, मात्र वितळलेलं पाणी खाली निथळून जायला हवं. त्यात मासा डुंबत राहू नये. फ्रिजच्या दारात कधीच ठेवू नये, आत सगळ्यात थंड असलेल्या खणात ठेवावा. बाहेर राहण्याची एकूण मर्यादा दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वाटेतला वेळही यातच धरायचा, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

गोठवलेला ट्यूना उणे १८ अंशांवर असेपर्यंत जिवाणूंची वाढ थांबलेली असते, त्यामुळे सुरक्षिततेपुरता तो खूप दिवस टिकतो. चव आणि पोत टिकवायचा असेल तर दोन-तीन महिन्यांत संपवावा. ट्यूना तेलकट मासा, त्याची चरबी थंडीतही हळूहळू खवट होते. पण गोठवल्याने मासा सुधारत नाही. आधी उबेत राहिलेला असेल तर तो दोष तसाच बर्फात बंद होतो.

तरीही या दोहोंत माझं मत गोठवलेल्याच्या बाजूने पडतं. काउंटरवर ‘ताजा’ म्हणून मांडलेला ट्यूना बऱ्याचदा आधी गोठवून मग वितळवलेला असतो. त्याचं घड्याळ कधीच सुरू झालेलं असतं आणि ते किती पुढे गेलंय हे आपल्याला दिसत नाही. गोठवलेला घेतला की ते आपल्या हातात राहतं. विक्रेता खात्रीचा असेल आणि त्याच दिवशी शिजवायचा असेल, तर ताजा जरूर घ्यावा.

वितळवायचा तो रात्रभर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. व्हॅक्यूम पाकिटातला असेल तर आधी पाकीट फोडावं. हवा नसलेल्या पाकिटात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे काही प्रकार फ्रिजमधल्या थंडीतही वाढू शकतात आणि त्याचं विष जीवघेणं असतं. वितळवलेला पुन्हा गोठवण्याच्या फंदात मी तरी पडणार नाही. लागेल तेवढाच काढावा.

रंगावर किती विसंबायचं?

फारच थोडं. ताजा कापलेला ट्यूना लालसर असतो आणि हवा लागली की तपकिरी होत जातो. हे मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्यामुळे होतं आणि थोडी तपकिरी छटा म्हणजे मासा खराब असं नाही. घरच्या फ्रीझरमध्येही हा बदल चालूच राहतो. म्हणून कच्च्या खाण्यासाठीचा महागडा ट्यूना उणे ६० अंशांच्या आसपास ठेवतात. उलट बाजूही आहे. कार्बन मोनॉक्साइड वापरून हा लाल रंग टिकवता येतो. काही देशांत याला परवानगी आहे, युरोपीय संघात नाही. असा मासा आतून उतरला तरी वरून टवटवीत दिसतो. कापावर इंद्रधनुषी चमक दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती मांसाच्या तंतूंवरून परतणाऱ्या प्रकाशाची करामत.

आंबट किंवा अमोनियासारखा वास, बोटाला लागणारा चिकट बुळबुळीतपणा, दाबल्यावर तसाच राहणारा खड्डा: यातलं एक जरी असलं तरी मासा टाकावा. मात्र यातलं काहीच नाही म्हणून मासा चांगला, असा उलटा अर्थ काढू नये. दुपारभर बाहेर राहिलेला ट्यूना वासाला ठीक असला तरी टाकायचाच.

डबा आणि पाकीट

ज्यांचं जेवणाचं वेळापत्रक बेभरवशाचं आहे, किंवा ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते, त्यांनी सरळ डबाबंद घ्यावा. कोरड्या, थंड जागी न उघडलेला डबा छापलेल्या तारखेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते पाच वर्षं, बिनधास्त राहतो. फुगलेला, गळणारा, खोल गंजलेला, शिवणीवर चेपलेला किंवा उघडताना पाणी उडवणारा डबा मात्र चाखून बघण्याच्या भानगडीत न पडता टाकावा. उघडल्यावर मांसाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसली, तर मासा डब्यात जाण्याआधीच उतरलेला होता असं समजावं. काचेच्या तुकड्यांसारखे खडे सापडले तर ते बहुधा स्ट्रुव्हाइट या खनिजाचे निरुपद्रवी स्फटिक असतात. कोमट व्हिनेगरमध्ये टाकून बघा: स्ट्रुव्हाइट हळूहळू विरघळतं, काच विरघळत नाही.

डब्यासारखाच फ्रिजबाहेर टिकणारा ट्यूना सीलबंद पाकिटातही मिळतो. हे पाकीट हलकं आणि त्यात निथळायला पाणी जवळपास नसतं. प्रवासाला तेच बरं. पण त्याला टोच लागण्याची भीती जास्त, म्हणून जड सामानाखाली दाबू नये. टिकण्यातही पाकीट डब्यापेक्षा कमी पडू शकतं.

उघडल्याक्षणी मात्र डबा काय, पाकीट काय, सगळ्यांना ताज्या अन्नाचेच नियम. उरलेलं झाकणाच्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं. शिजवलेल्या ट्यूनाला आणि मेयोनीज घातलेल्या सॅलडलाही तेवढीच मुदत. तेलातला ट्यूना उघडल्यावर जास्त टिकतो ही समजूत सोडून द्या. आणि खाणारं एकच माणूस असेल तर मोठ्या डब्यापेक्षा दोन छोटे घ्या, थोडे महाग पडले तरी.