"बाहेरून हात लावू नका" म्हणालो, तर त्यानं आतही लावला नाही

माझ्याकडे १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप आहे. हिरवा रंग उन्हानं इतका विटलेला की बोट फिरवलं तर खडूसारखी हिरवी भुकटी बोटाला लागायची. बॉनेटवर आणि टपावर रंग पार जाऊन खालचा प्रायमर दिसतो, आणि ड्रायव्हरच्या दारावर आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या धंद्याचं नाव हातानं रंगवलेलं, अर्धं पुसलेलं, तिरप्या उजेडातच वाचता येतं. गाडी घेतली ती खरं तर त्या अक्षरांसाठीच. त्यामुळे पहिल्यापासून ठरलेलं, रंगाला हात लावायचा नाही, फक्त इंजिन, ब्रेक, वायरिंग, स्टिअरिंग सगळं ठणठणीत करून घ्यायचं आणि गाडी दिसायला होती तशीच परत आली पाहिजे.

हे गॅरेजवाल्याला सांगितलं आणि तिथंच माती खाल्ली. मागणी चुकीची नव्हती हो, पण विचार करा, गाडी रंगवायला दिली तर काम झालं की नाही ते लांबून दिसतं. इथं मीच सांगतोय की काम झाल्यावर काही वेगळं दिसता कामा नये.

माणूस बोलायला एक नंबर. म्हणाला, "साहेब, इंजिनसुद्धा बाहेरून तसंच ठेवतो, चकचकीत ब्लॉक या गाडीत शोभणार नाही." मी खूश, म्हटलं याला आपल्यासारखीच आवड आहे. आता कळतंय की इंजिन न खोललेलं का दिसतं याचं उत्तर त्यानं काम हातात घ्यायच्या आधीच देऊन ठेवलं होतं.

आठ महिने गेले. फोन केला की फोटो यायचे, टेबलावर पार्ट मांडलेले वगैरे, पण एकाही फोटोत इंजिन नंबर नाही की मागे माझी गाडी नाही आणि मला ते तेव्हा सुचलंही नाही. शेवटी गाडी आली, सोबत लांबलचक बिल आणि एक खोका. "हे तुमचे जुने पिस्टन, तुमची खात्री पटावी म्हणून."

आठवडाभर मजेत. गाडी एका स्टार्टरला चालू व्हायची (कार्ब्युरेटर साफ केलेला आणि प्लग नवे होते, तेवढं खरं). मग एका उतारावर ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जात जात फ्लोअरला टेकलं. या गाड्यांना ब्रेकचं सर्किट एकच, एका चाकाला गळलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. गिअर खाली टाकून आणि पार्किंग ब्रेक लावून कसाबसा थांबलो, पाय नंतर बराच वेळ थरथरत होते. घरी ड्रम काढले तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) काळ्या स्प्रेनं रंगवलेले, तेही धुळीवरूनच, आणि आतले रबर कप कडक दगड झालेले. बिलात मात्र चारही सिलिंडर नवे.

मग बिल पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात "कनेक्टिंग रॉड बेअरिंग शेल, १ सेट". आता या गाडीत २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, त्याच्या रॉडला शेल, म्हणजे बदलता येणाऱ्या तयार बेअरिंगच्या वाट्या, नसतातच. बॅबिट नावाचा मऊ धातू थेट रॉडमध्ये ओतलेला असतो, ढिला झाला की मधले पातळ शिम काढून क्लिअरन्स जमवतात, अगदीच गेला तर परत ओतून मशिनिंग करायचं. रॉडचे तयार शेल फुल प्रेशर ऑइलिंगवाल्या (पंपाच्या दाबानं रॉडपर्यंत ऑइल पोचवणाऱ्या) २३५ इंजिनात असतात, ते ट्रकमध्ये १९५४ ला आलं. म्हणजे ज्यानं बिल लिहिलं त्यानं माझं इंजिन आतून पाहिलंच नव्हतं.

ओळखीतले एक जुने मेकॅनिक काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी पाना उचललाच नाही, आधी टॉर्च मारून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरच्या जोडावर बोट ठेवलं. ग्रीस आणि धुळीचा जाड थर ब्लॉकवरून सलग खाली चेंबरवर आलेला, बोल्टची डोकी त्यात बुडालेली, कुठं एक चीर नाही. "हे खोललंय म्हणतोस?" एवढंच म्हणाले. मग खिशातून चुंबक काढून खोक्यातल्या पिस्टनला लावलं तर चिकटेना, ॲल्युमिनियमचे. २१६ चे मूळ पिस्टन बिडाचे असतात. चेंबर खोललं तर आत ऑइलचा काळा गाळ, रॉडच्या खालच्या टोकाच्या चमच्यांनी ज्या पन्हाळीतून ऑइल उचलायचं ती अर्धी भरलेली, आणि वर पिस्टनला चुंबक लावलं तर टक्कन बसलं. माझे पिस्टन आपल्या जागीच होते, हललेच नव्हते.

इथवर पैशांचं झालं. पण चुंबक हातात होतंच म्हणून काकांनी सहज बॉडीवरून फिरवलं आणि ड्रायव्हरच्या दारामागे कॅबच्या खालच्या कोपऱ्यावर ते घसरून खाली पडलं. पत्र्यावर बोटभर पुट्टी. जॅक भलतीकडे लावून पत्रा चेपला असणार, मग वर हिरवा, तपकिरी रंग मारून, घासून "जुनं" केलेलं. खरा गंज पाणी साठतं तिथं, पापुद्र्यांत असतो, हा सगळीकडे एकसारखा केशरी. आणि तो ठिगळ उठून दिसू नये म्हणून पूर्ण गाडीवर मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमकेचा पारदर्शक थर, मारलेला. खिडकीच्या रबरावर वाळलेले थेंब होते. मी दारावर बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. इतके दिवस गाडी पुसतोय आणि फडक्याला हिरवं लागत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचा राग स्वतःवरच जास्त येतो. तो क्लिअर आता काढायला गेलं तर खालची भुकटी आणि अक्षरं त्याच्याबरोबर निघतील.

गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणतो, "तुम्हीच सांगितलं होतं बाहेरून बदल नको." तक्रार दिलीय, शेलवालं बिल कामाला येतंय.

तुमचीही अशी गाडी असेल तर देण्याआधी सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा, चेंबर आणि हेडच्या बोल्टवरून जोडापर्यंत पेंट मार्करनं रेघ मारा, खोललं की रेघ तुटतेच. चेंबर उतरलेलं असताना स्वतः जाऊन बघा, फोटोवर भागवू नका. आणि कागदावर लिहून घ्या की क्लिअर, तेल, पॉलिश काहीही लावायचं नाही, कारण "हात लावू नका" याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीनं घेतो.

आता रॉड बॅबिट ओतायला गेलेत, काका स्वतः बघतायत. पिस्टनचा तो खोका अजून माझ्याकडेच आहे. परवा आवरताना उजेडात धरला तर माझ्या नावाखाली मार्करनं खोडलेलं दुसरं नाव दिसलं, आणि त्याच्याही खाली आणखी एक.